नवरा मैदानात, बायको माईक घेऊन समोर: खेळाडू आणि क्रीडा पत्रकाराच्या नात्यात चूक काय, बरोबर काय?

९ जून २०२४. न्यूयॉर्कमध्ये टी-ट्वेंटी वर्ल्डकपचा भारत-पाकिस्तान सामना. भारत ११९ धावांत ऑल आऊट झालेला आणि तरीही सामना ६ धावांनी जिंकलेला. जसप्रीत बुमराहने १४ धावांत ३ विकेट घेतल्या आणि सामनावीराचा किताब त्यालाच मिळाला. सामन्यानंतर आयसीसीच्या कॅमेऱ्यासमोर त्याची मुलाखत घ्यायला जी प्रेझेंटर उभी होती, तिचं नाव संजना गणेशन. ती त्याची बायको.

मुलाखत रीतसर झाली. शेवटी मात्र रात्रीच्या जेवणाचा विषय निघाला आणि दोघंही हसले. ती क्लिप तुमच्याही फीडवर येऊन गेली असेल. बहुतेकांना ती गोड वाटली. काहींनी मात्र खाली विचारलं, की बायकोच मुलाखत घेणार असेल तर ती पत्रकारिता कशी काय?

प्रश्न टोमणा म्हणून विचारला गेला असला तरी तो चुकीचा नाही. खेळाडू आणि खेळ कव्हर करणारी व्यक्ती यांचं प्रेम जमतं, लग्न होतं, तेव्हा नेमकी अडचण कुठे येते आणि कुठे येत नाही, ते समजून घेऊ.

बुमराह आणि संजना: गोष्ट काय आहे?

संजना मूळची पुण्याची. सिंबायोसिसमधून इंजिनिअरिंग केलं, २०१४ मध्ये एमटीव्हीच्या 'स्प्लिट्सव्हिला'त दिसली आणि पुढे स्टार स्पोर्ट्सवर क्रिकेटचे कार्यक्रम करू लागली. बुमराह अहमदाबादचा. २०१३ मध्ये त्याने मुंबई इंडियन्सकडून आयपीएलमध्ये पदार्पण केलं आणि पहिल्याच सामन्यात विराट कोहलीला आऊट केलं.

म्हणजे दोघांची कामाची जागा एकच होती, मैदान. दोघांनी नंतर मुलाखतींत सांगितलं, की सुरुवातीला त्याला ती गर्विष्ठ वाटायची आणि तिला तो. नीट बोलणं झालं ते २०१९ च्या इंग्लंडमधल्या वर्ल्डकपदरम्यान.

मार्च २०२१ मध्ये बुमराहने इंग्लंडविरुद्धच्या अहमदाबाद टेस्टमधून वैयक्तिक कारण देऊन माघार घेतली आणि सोशल मीडियाने तपास सुरू केला. काही दिवस एका दक्षिण भारतीय अभिनेत्रीचं नाव त्याच्याशी जोडून फिरत राहिलं. तिच्या घरच्यांना खुलासा करावा लागला. १५ मार्च २०२१ ला गोव्यात लग्न झालं, फोटो आले, तेव्हा कळलं की नवरी संजना आहे.

सगळ्या देशाची नजर ज्याच्यावर होती, त्या खेळाडूचं नातं पत्रकारांच्याच वर्तुळातल्या मुलीशी होतं आणि तरी ते लग्नापर्यंत बाहेर आलं नाही. आणि खात्रीने फिरवलेलं नाव सपशेल खोटं निघालं.

आधी एक फरक: अँकर आणि रिपोर्टर

आपण टीव्हीवर खेळाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाला 'पत्रकार' म्हणतो. पण काम सारखं नसतं.

ज्या कंपनीकडे सामन्याचे प्रक्षेपण हक्क असतात, तिची प्रेझेंटर हा त्या कार्यक्रमाचा भाग असते. सामना रंगतदार करून दाखवणं, तज्ज्ञांना बोलतं करणं, खेळाडूकडून दोन वाक्यं मिळवणं हे तिचं काम. २०२४ मध्ये संजना आयसीसीसाठी मुलाखत घेत होती, म्हणजे स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेसाठीच. तिथे 'बोर्डाचा पैसा कुठे गेला' हा प्रश्न कोणीच विचारणार नसतं, नवरा-बायको असोत वा नसोत.

रिपोर्टरचं काम वेगळं. निवड का झाली, का नाही झाली, दुखापत लपवली का, कंत्राट कोणाला मिळालं, हे त्याने शोधायचं असतं. त्याच्याकडून वाचकाला तटस्थपणाची अपेक्षा असते आणि ती रास्त आहे.

म्हणून पहिला प्रश्न 'नातं आहे का' हा नसून 'ती व्यक्ती नेमकं कोणतं काम करते' हा आहे. हसतखेळत घेतलेली सामन्यानंतरची मुलाखत आणि संघनिवडीवरची बातमी यांना एकच माप लावता येत नाही.

हितसंबंध आड येणं म्हणजे नेमकं काय?

इंग्रजी बातम्यांत 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट' हा शब्द येतो. मराठीत हितसंबंधांचा संघर्ष. सोप्या भाषेत, एकाच माणसाच्या दोन भूमिका एकमेकींच्या आड येणं.

यात एक गोष्ट नेहमी गाळली जाते. हितसंबंध असणं म्हणजे गैरप्रकार करणं नव्हे. गैरप्रकार होऊ शकेल अशी परिस्थिती आहे, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या 'सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नलिस्ट्स' या संघटनेची आचारसंहिता जगभरच्या पत्रकारितेच्या वर्गांत शिकवली जाते. त्यात सांगितलंय, की असे संघर्ष टाळा आणि जो टाळता येत नसेल तो जाहीर करा. प्रेमात पडू नका, असं त्यात कुठेही नाही.

म्हणजे उपाय तीन. नातं जाहीर करणं, त्या विषयापासून बाजूला होणं, किंवा कामाचा विभाग बदलून घेणं.

तिसऱ्या उपायाचं चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ईएसपीएनची समँथा स्टील आणि अमेरिकन फुटबॉलपटू ख्रिश्चन पाँडर यांचं डिसेंबर २०१२ मध्ये लग्न झालं. तो एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळत होता, ती मुख्यतः कॉलेज फुटबॉल कव्हर करत होती. खेळ एक, पण मैदानं वेगळी. एनएफएलच्या मोठ्या रविवारच्या कार्यक्रमाची ती मुख्य अँकर झाली २०१७ मध्ये, तेव्हा त्याचं लीगमधलं करिअर संपलेलं होतं.

बिन्नी कुटुंब: एका घरात तीन भूमिका

भारतात हा प्रश्न सगळ्यात स्पष्टपणे दिसला तो बंगळुरूच्या बिन्नी कुटुंबात.

रॉजर बिन्नी हे १९८३ च्या वर्ल्डकपमध्ये १८ विकेट घेऊन सर्वाधिक बळी मिळवणारे गोलंदाज. त्यांचा मुलगा स्टुअर्ट भारताकडून खेळला. १७ जून २०१४ ला मिरपूरमध्ये त्याने बांगलादेशविरुद्ध ४ धावांत ६ विकेट घेतल्या, ही वनडेमधली भारताची सर्वोत्तम गोलंदाजी. स्टुअर्टने २०१२ मध्ये क्रीडा अँकर मयंती लँगरशी लग्न केलं. २०१५ च्या वर्ल्डकपमध्ये स्टुअर्ट भारताच्या संघात होता आणि मयंती स्टार स्पोर्ट्सवर त्याच स्पर्धेचे कार्यक्रम करत होती.

आता गंमत बघा. त्या काळात रॉजर स्वतः राष्ट्रीय निवड समितीत होते. मुलाचं नाव चर्चेला आलं की ते बैठकीतून बाहेर जायचे, असं तेव्हा सांगण्यात आलं. हा झाला बाजूला होण्याचा उपाय.

पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये रॉजर बीसीसीआयचे अध्यक्ष झाले. महिनाभरातच बोर्डाचे नीतिअधिकारी, माजी न्यायमूर्ती विनीत सरन यांची त्यांना नोटीस आली. तक्रार अशी होती, की सून मयंती स्टार स्पोर्ट्समध्ये काम करते, स्टारकडे भारतीय क्रिकेटचे प्रक्षेपण हक्क आहेत, म्हणजे अध्यक्षांचे हितसंबंध गुंतलेले आहेत. बीसीसीआयच्या घटनेतल्या नियम ३८ नुसार ही तक्रार झाली. हा नियम लोढा समितीच्या शिफारशींनंतर आलेल्या घटनेतला, आणि तो अप्रत्यक्ष हितसंबंधांचाही विचार करतो. रॉजर यांचं म्हणणं ऐकल्यावर सरन यांनी तक्रार फेटाळली.

तक्रार टिकली नाही म्हणून ती निरर्थक होती असं नाही. प्रश्न लेखी विचारला गेला, उत्तर मागितलं गेलं, निर्णय झाला. संशयाचं काय करायचं याची एक रीत असते. कॉमेंट बॉक्समध्ये ती रीत नसते.

त्याचा नमुना याच घराने सहा वर्षं आधी पाहिला होता. २७ ऑगस्ट २०१६ ला अमेरिकेतल्या लॉडरहिलमध्ये वेस्ट इंडिजच्या एविन लुईसने स्टुअर्टच्या एकाच षटकात पाच सिक्सर मारले. त्या षटकात ३२ धावा गेल्या आणि भारत फक्त एका धावेने हरला. तो स्टुअर्टचा भारताकडून शेवटचा सामना ठरला. शिव्या मात्र मयंतीला पडल्या. तिला ट्विटरवर जाहीर उत्तर द्यावं लागलं. गोलंदाजी त्याने केली होती. तिचा त्या षटकाशी काय संबंध?

कासियास आणि कार्बोनेरो: हरला तेव्हा दोषी, जिंकला तेव्हा गोड

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०१० चा फुटबॉल वर्ल्डकप, दक्षिण आफ्रिका. स्पेनचा कर्णधार आणि गोलकीपर इकेर कासियास. टेलेसिंको या स्पॅनिश वाहिनीची रिपोर्टर सारा कार्बोनेरो त्याची गर्लफ्रेंड.

१६ जूनला स्पेन पहिलाच सामना स्वित्झर्लंडकडून ०-१ ने हरला. मैदानाशेजारी उभ्या असलेल्या साराने कासियासचं लक्ष विचलित केलं का, अशी चर्चा ब्रिटिश वर्तमानपत्रांत झाली. नंतर तिनेच त्याला पराभवाबद्दल प्रश्न विचारले आणि त्याने उत्तरं दिली.

११ जुलैला स्पेन विश्वविजेता झाला. संपूर्ण स्पर्धेत कासियासने फक्त दोन गोल खाल्ले आणि सर्वोत्तम गोलकीपरचा पुरस्कार मिळवला. सारा मुलाखत घेत असताना त्याचा कंठ दाटून आला आणि त्याने कॅमेऱ्यासमोरच तिला किस केलं. ती क्लिप जगभर गाजली.

बाई तीच, काम तेच, जागा तीच. बदलला तो फक्त स्कोअर. टीका जर पत्रकारितेच्या तत्त्वासाठी असती, तर अंतिम सामन्यानंतरही तेवढीच झाली असती. दोघांनी २०१६ मध्ये लग्न केलं आणि २०२१ मध्ये वेगळं होत असल्याचं सांगितलं.

खरी जोखीम: घरातली माहिती

मग काळजी करण्यासारखं काहीच नाही का? आहे. आणि ते कॅमेऱ्यासमोरच्या हसण्यात नसून घरातल्या बोलण्यात आहे.

कोण दुखापतग्रस्त आहे, उद्या कोण बसणार, पिच कसं आहे, ड्रेसिंग रूममध्ये कोणाचं कोणाशी पटत नाही. खेळाडूला हे सगळं माहीत असतं आणि आपल्या माणसाशी तो ते बोलणारच. पण क्रिकेटमध्ये अशा माहितीला पैशाचं मोल आहे. जी माहिती सट्ट्यासाठी वापरली जाऊ शकते हे खेळाडूला माहीत आहे किंवा माहीत असायला हवं, ती बाहेर देणं हा आयसीसीच्या भ्रष्टाचारविरोधी संहितेनुसार गुन्हा आहे. नियमांच्या भाषेत याला 'इनसाइड इन्फर्मेशन' म्हणतात. यासाठी बंदी येऊ शकते.

म्हणून अशा जोडप्यांना दोन्ही बाजूंनी तोल सांभाळावा लागतो. त्याने सांगितलेलं तिने बातमीत वापरलं तर त्याचं करिअर धोक्यात येतं. महत्त्वाचं असूनही तिने ते दाबून ठेवलं तर तिच्या वाचकाची फसवणूक होते. रिपोर्टर असेल तर यातून एकच सरळ वाट निघते. संपादकाला नातं सांगायचं आणि त्या संघाची, त्या निवडीची बातमी दुसऱ्याला द्यायची.

संशय बाईवरच का?

क्रीडा पत्रकारितेत बायकांना आत यायलाच भांडावं लागलं. १९७७ च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजमध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मेलिसा लुट्की या रिपोर्टरला खेळाडूंच्या लॉकर रूममध्ये मज्जाव झाला. पुरुष रिपोर्टर तिथेच मुलाखती घेत होते. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९७८ मध्ये न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. बाई खेळाडूंच्या जवळ जाते म्हणजे तिचा हेतू वेगळा असणार, ही समजूत तेव्हाही होती, आजही आहे.

याउलट पुरुष पत्रकारांची खेळाडूंशी मैत्री ही 'सोर्स' म्हणून कौतुकाची गोष्ट ठरते. वर्तमानपत्रात एखाद्या स्टार खेळाडूच्या नावाने कॉलम येतो, तो बऱ्याचदा क्रीडा पत्रकाराने लिहिलेला असतो. कधी खाली बारीक अक्षरांत 'शब्दांकन' म्हणून नाव असतं, कधी तेही नसतं. ज्याचा कॉलम आपण लिहितो, त्याच्या खराब फॉर्मवर आपणच कडक बातमी लिहिणार का? हाही हितसंबंधांचाच प्रश्न आहे. तो कोणी व्हायरल करत नाही.

गंमत अशी की लग्न हे सगळ्यात उघड नातं. बुमराह आणि संजना नवरा-बायको आहेत हे मुलाखत पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, त्यामुळे जे ऐकतो त्याचं वजन आपण आपोआप ठरवतो. जे नातं आपल्याला माहीतच नाही, तिथे फसगत होण्याची शक्यता जास्त.

ट्रोलिंग दीड वर्षाच्या मुलापर्यंत

४ सप्टेंबर २०२३ ला बुमराह-संजनाला मुलगा झाला, अंगद. त्यासाठी बुमराह आशिया कप सुरू असताना श्रीलंकेतून घरी आला आणि नेपाळविरुद्धचा सामना खेळला नाही.

२७ एप्रिल २०२५ ला वानखेडेवर मुंबई इंडियन्स विरुद्ध लखनऊ सुपर जायंट्स सामना होता. पाठीच्या दुखापतीनंतर परतलेल्या बुमराहने २२ धावांत ४ विकेट घेतल्या. पण व्हायरल झाला स्टँडमध्ये आईच्या कडेवर बसलेला अंगद. तो हसत का नाही, यावरून मीम्स आले आणि त्याला मानसिक आजारांची नावं लावली गेली. संजनाने इन्स्टाग्रामवर सुनावलं, की आमचा मुलगा तुमच्या करमणुकीचा विषय नाही. मुलाला कंटेंट बनवण्यात आम्हाला रस नाही, आणि दीड वर्षाच्या बाळाबद्दल असे शब्द सहज वापरले जातात याचं वाईट वाटतं, असंही तिने म्हटलं.

हे सगळं 'फक्त कॉमेंट' नसतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७८ महिलेचा पाठलाग करण्याबद्दल आहे आणि त्यात तिच्या ऑनलाइन हालचालींवर नजर ठेवणंही येतं. कलम ७९ महिलेच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द आणि हावभाव यांबद्दल, तर कलम ३५१ धमकीबद्दल आहे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. खोटं अकाउंट काढून दिलेली धमकी ही धमकीच असते.

आपल्या शहरात हा प्रश्न कसा दिसतो?

छत्रपती संभाजीनगरमध्ये बुमराह नाही, पण गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल आहे, विद्यापीठ परिसरातलं साईचं केंद्र आहे, आमखास मैदान आहे. इथे क्रीडा पान सांभाळणारा माणूस आणि खेळाडू रोज एकाच चहाच्या टपरीवर भेटतात. कोणी कोणाचा मित्र असतो, कोणी मामेभाऊ, कोणाचं जमलेलं असतं. त्यात गैर काही नाही. लहान शहरात माणसं अशीच भेटतात.

पण बातमीचं मोल इथे कमी नसतं, उलट जास्त असतं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. जिल्हा किंवा राज्य संघात कोणाचं नाव आलं यावर उद्याची नोकरी अवलंबून असू शकते. समजा एखाद्या खो-खोपटूची संघात निवड झाली आणि ती बातमी तिच्या होणाऱ्या नवऱ्यानेच दिली. बातमी शंभर टक्के खरी असली तरी, जिचं नाव वगळलं गेलं त्या मुलीला विश्वास कसा वाटेल? त्यापेक्षा त्याने ऑफिसात आधी सांगून ती बातमी सहकाऱ्याला दिली, तर निवड झालेल्या मुलीचंही नाव निष्कलंक राहतं.

डिसेंबर २०२४ मध्ये याच विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून २१ कोटींहून जास्त रकमेचा अपहार झाल्याचं प्रकरण उघड झालं आणि एका कंत्राटी कर्मचाऱ्यावर आरोप झाले. खेळाडूंच्या नावाने आलेल्या पैशाचा हिशोब कोणीतरी विचारायला लागतो. तो विचारणारा माणूस कोणाच्या मिंधेपणात नसला पाहिजे. मिंधेपण प्रेमातून येतं त्यापेक्षा जास्त वेळा ओळखीतून, जाहिरातीतून आणि उपकारातून येतं.

शेअर करण्याआधी हे चार प्रश्न

पुढच्या वेळी एखाद्या खेळाडूची आणि अँकरची किंवा पत्रकाराची क्लिप समोर आली की एवढं तपासा.

एक, ती व्यक्ती कार्यक्रम सादर करते आहे की बातमी देते आहे?

दोन, नातं उघड आहे की लपवलेलं?

तीन, त्या कामातून खेळाडूचा प्रत्यक्ष फायदा होतो आहे का? म्हणजे निवड, करार, चौकशीतून सुटका वगैरे.

चार, हीच शंका तुम्ही पुरुष पत्रकाराबद्दल, किंवा संघ जिंकलेला असताना घेतली असती का?

पहिल्या तीन प्रश्नांत काही सापडलं तर जरूर विचारा, नाव घेऊन विचारा. तो वाचकाचा हक्क आहे. फक्त चौथ्याच प्रश्नावर अडकलात, तर ती पोस्ट पत्रकारितेबद्दल नाही, एका बाईबद्दल आहे. ती पुढे ढकलायची की नाही, हे आता तुमच्या हातात आहे.